अस्तर उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं

प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या जोडणाऱ्याला घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "प्रायमरच तर बिघडलाय ना? वरून रंग लागणारच आहे. मग तो खरवडत काय बसायचं, आणखी एक हात मारून टाक की!" खिडकीच्या ग्रिलला हा सल्ला चालतो, भिंतीलाही बऱ्यापैकी चालतो. टेबलावरच्या गाडीला मात्र चालत नाही. का चालत नाही, हे रंगापेक्षा भूमितीतून लवकर कळतं, म्हणून आधी थोडा गुणाकार-भागाकार करू.

१. बारा सेंटिमीटरची हेरल्ड

या प्रकरणातली आपली गाडी चेन्नईची आहे, नुसती तिथे जोडलेली नाही तर मूळचीच तिथली. 'स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही मद्रासची कंपनी. तिने १९६१ पासून शहराच्या दक्षिणेला वंडलूरजवळच्या कारखान्यात स्टँडर्ड हेरल्ड बनवायला घेतली. मूळची ट्रायम्फ हेरल्ड ब्रिटनमध्ये १९५९ साली आली होती आणि तिची आखणी इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्तींची होती. फियाट आणि अँबॅसेडर यांच्या जोडीला ज्या काळात तिसरं नाव घ्यायचं झालं तर ते हेरल्डचंच असायचं, त्या काळातली ही गाडी. पुढे याच कंपनीने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' आणली, ती चालली नाही आणि कंपनीच्या मोटारी संपल्या. हेरल्ड मात्र जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अजून दिसते.

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने ट्रायम्फ हेरल्डचं प्लॅस्टिक किट काढलं होतं, १:३२ या प्रमाणात. खरी गाडी ३.८९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १२ सेंटिमीटरच्या आसपास. तळहातावर मावणारं.

हेरल्डच निवडली याला कारण आहे. त्या काळातल्या बहुतेक नव्या गाड्यांचं अंग आणि सांगाडा एकजीव झाला होता. हेरल्डला मात्र स्वतंत्र चासी होती आणि तिच्यावर बॉडीचे भाग नट-बोल्टने एकमेकांना जोडलेले होते. बॉनेट तर दोन्ही मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे उलगडायचं. त्यामुळे या गाडीच्या अंगावर सांधे भरपूर, आणि ते लपवलेलेही नाहीत. हे सांधे दिसले नाहीत तर मॉडेल कुठल्याही जुन्या विलायती गाडीचं वाटेल, हेरल्डचं वाटणार नाही.

आता हिशेब. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट ५ मिलिमीटर धरू. ३२ ने भागलं की मॉडेलवर उरते ०.१५६ मिलिमीटर, म्हणजे १५६ मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) स्प्रेचा डबा जरा सैल हाताने चालवला की अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, थर सहज ५० मायक्रॉनचा होतो. फटीच्या एका काठाला ५० आणि दुसऱ्या काठाला ५० असे १०० गेले, राहिले ५६. बिघडलेल्या अस्तरावर 'आणखी एक हात' मारला तर अजून १०० लागतील आणि तेवढे शिल्लकच नाहीत. फट बुजली. मुख्य रंग आणि त्यावरचं चकाकीचं क्लिअर कोट तर अजून यायचेच आहेत.

उलट बाजूने बघा. मॉडेलवरचे ५० मायक्रॉन खऱ्या गाडीच्या मापात नेले, म्हणजे ३२ ने गुणले, की १.६ मिलिमीटर होतात. कारखान्यातून निघालेल्या खऱ्या मोटारीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात, मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. आपण गाडी बत्तीसपट लहान केली, पण रंगाच्या कणांना आणि थेंबांना ते माहीत नाही. सगळं लहान झालं, रंग तेवढाच जाड राहिला. मॉडेल रंगवण्यातली निम्मी भांडणं इथली आहेत.

चेन्नईच्या हेरल्डपाशी हे भांडण आणखी एक पायरी वर जातं. ब्रिटनमध्ये हेरल्डला चार दारं कधीच नव्हती, भारतात मात्र पुढे चार दारांची आवृत्ती निघाली. ती करायची तर किटचं दोन दारांचं अंग घेऊन जुनी रेघ लांबीने (म्हणजे पुट्टीने) भरायची आणि मागच्या दाराची नवी रेघ टोकदार हत्याराने कोरायची. हाताने कोरलेली रेघ साच्यातल्या रेघेपेक्षा उथळ असते, त्यामुळे अस्तर जाड झालं की आधी तीच नाहीशी होते.

२. मग अस्तर लावायचंच कशाला?

किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन नावाचं असतं. ते गुळगुळीत, काही शोषून न घेणारं, आणि बऱ्याचदा साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेल्या पदार्थाचा पुसटसा थर अंगावर बाळगणारं. त्यावर थेट रंग मारला तर तो धरतो, पण मास्किंग टेप उचलताना टेपबरोबर निघून येऊ शकतो. अस्तर दोघांच्या मध्ये बसतं. खाली प्लॅस्टिकला घट्ट धरतं आणि वरच्या रंगाला थोडा खरखरीत पाया देतं.

दुसरं काम आडोशाचं. लाल प्लॅस्टिकवर पांढरा रंग मारला तर काही दिवसांत पांढऱ्यात गुलाबी झाक उतरते, कारण प्लॅस्टिकमधला रंग वरच्या थरातल्या द्रावकात विरघळून वर येतो. शिवाय वरचा रंग तेज थिनरचा असेल तर तो प्लॅस्टिकला खाऊ नये म्हणूनही मध्ये कुणीतरी लागतं.

तिसरं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: अस्तर चहाडी करतं. दोन रंगांच्या प्लॅस्टिकवर, लांबीच्या ठिगळावर, घासलेल्या जागेवर डोळ्याला काही कळत नाही. एकसारखा राखाडी हात फिरला की प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक खड्डा उघडा पडतो. अस्तर बघून पुन्हा लांबीकडे वळावं लागलं तर ते अस्तराचं यश समजायचं.

खऱ्या मोटारींचं अस्तर वेगळ्याच रीतीने लागतं. चेन्नईच्या आसपास इरुंगट्टुकोट्टैला ह्युंदाईचा आणि ओरगडमला रेनो-निसानने उभारलेला कारखाना आहे. पिंपरी-चाकणकडून तिकडे नोकरीला गेलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: मोटारीचं अख्खं लोखंडी अंग रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे भारित कण लोखंडाकडे ओढले जातात. जिथे थर बसला तिथे वीज अडते, म्हणून कण आपोआप उघड्या जागेकडे वळतात. परिणामी कानाकोपऱ्यांतसुद्धा जवळजवळ सारखा, सुमारे २० मायक्रॉनचा थर बसतो आणि मग तो भट्टीत भाजतात. आपल्याला यातलं काहीच जमणारं नाही. पॉलिस्टायरीनमधून वीज वाहत नाही आणि १०० अंशांच्या आसपास तर ते मऊच पडतं. म्हणून स्प्रे, आणि स्प्रे म्हटला की हवा.

३. हवा बिघडवते ते

मॉडेलसाठीचे चांगले प्रायमर बहुधा लॅकर जातीचे असतात. म्हणजे राळेसारखा पदार्थ झटकन उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेला. द्रावक उडालं की राळ जागेवर. पण उडताना ते उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनच्या आधी दंडाला लावलेला स्पिरिटचा बोळा गार लागतो तो यामुळेच. मॉडेलचा पृष्ठभागही तसाच काही अंशांनी थंड पडतो.

चेन्नईत नेमकी इथे अडचण होते. दमट दुपारी स्टीलच्या पेल्यात थंड ताक ओतलं की पेल्याला बाहेरून पाणी सुटतं. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसायला लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. पेला दवबिंदूपेक्षा थंड असतो म्हणून ओला होतो. ओल्या प्रायमरचं तेच. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू येतो जवळपास २६ अंशांवर. म्हणजे पृष्ठभाग फक्त चार अंशांनी थंड झाला की अस्तरात पाणी शिरलं. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी हवा २५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असली तर दवबिंदू साडेदहाच्या आसपास असतो. मध्ये चौदा-पंधरा अंशांची जागा मोकळी आहे, कितीही फवारा. एकच डबा, एकच हात, पण पुण्यात गुळगुळीत थर आणि चेन्नईत पांढुरकी, खडूसारखी बुरशीवजा झाक. रंगारी याला 'ब्लश' म्हणतात. ती नुसती दिसायला वाईट नसते, अशा थराची पकडही कमी असते.

शहराची हवा वर्षभर सारखी नसते, आणि ते कळलं तर बरंच काम सोपं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, चेन्नईचा खरा पावसाळा. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीत मॉडेलं रंगवायची सवय असलेल्याला तो चकवतो. या दिवसांत लॅकरचा डबा उघडूच नये, असं माझं मत आहे. मे-जूनमध्ये चित्र उलटं होतं. सकाळी उशिरापर्यंत पश्चिमेकडून, जमिनीवरून कोरडा तापलेला वारा येतो. पारा ३८ अंशांवर आणि आर्द्रता ३५ टक्क्यांवर असेल तर दवबिंदू २० अंशांपर्यंत खाली जातो. मग दुपारी केव्हातरी समुद्रावरून वारा सुटतो. माणसांना बरं वाटतं, आर्द्रता चढते आणि रंगकाम तिथेच थांबवावं लागतं.

त्या कोरड्या सकाळीही एक खोड आहे. हवा फार तापलेली असली की प्रायमरचा थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच अर्धा सुकतो आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा खरखरीत थर बसतो. उपाय सोपा, डबा थोडा जवळ धरायचा.

चेन्नईत राहणाऱ्याने एक सापळा मात्र लक्षात ठेवलाच पाहिजे: एसी. मॉडेल २४ अंशांच्या खोलीतून काढून थेट गच्चीवर नेलं आणि बाहेर दवबिंदू २६ असला, तर फवारा उडण्याआधीच प्लॅस्टिकवर न दिसणारं पाणी बसलेलं असतं. मॉडेल आणि डबा दोन्ही अर्धा तास बाहेर सावलीत ठेवावेत. हार्डवेअरच्या किंवा ऑनलाइन दुकानात मिळणारा छोटा आर्द्रतामापक या छंदात महागड्या ब्रशपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

४. प्रत्येक डाग उतरवायच्या लायकीचा नसतो

प्रायमरवर धुळीचे चार कण बसले, एका जागी केस चिकटला, थर जरा खरखरीत झाला, तर पूर्ण सुकू द्यावं आणि १००० किंवा १५०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं. काम झालं. हलकी पांढरी झाक आली असेल तर कोरड्या दिवशी त्याच प्रायमरचा अगदी विरळ फवारा दिल्यावर ती बऱ्याचदा जाते, कारण वरचा थर पुन्हा मऊ होऊन अडकलेला ओलावा निघून जातो.

पूर्ण उतरवायची वेळ येते ती तीन-चार प्रसंगी. सांध्यांच्या रेघा भरल्या. ओघळ दाराच्या कडेवरून खाली आला. टेपबरोबर पापुद्रे निघाले, म्हणजे खाली तेल किंवा घाम होता. किंवा कोपऱ्याकोपऱ्यावर सुरकुत्या पडल्या, म्हणजे खालचा आणि वरचा थर एकमेकांशी भांडला.

प्लॅस्टिकच जाळीदार तडकलं असेल तर गोष्ट वेगळी. हे बहुधा गॅरेजचा प्रायमर वापरल्याने होतं. चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवर मोटारीच्या सामानाची ओळीने दुकानं आहेत, तिथे डेंटिंग-पेंटिंगवाले नेतात तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर आणि एनसी थिनर मिळतो. लोखंडासाठी तो उत्तम, पॉलिस्टायरीनसाठी जहाल. त्याने पडलेल्या भेगा प्लॅस्टिकमध्येच असतात, त्या धुऊन जात नाहीत. अस्तर उतरवून पृष्ठभाग घासावा लागतो, आणि बारीक नक्षीच्या जागी तेही जमत नाही.

५. कोण कोणाला विरघळवतं

उतरवण्याचं सगळं कौशल्य एका वाक्यात मावतं: रंगाला मऊ करेल आणि प्लॅस्टिकला हात लावणार नाही, असा द्रव शोधायचा.

पॉलिस्टायरीनचा शत्रू कोण, हे मॉडेलच्या गोंदातच दिसतं. तो गोंद चिकटत नाही, तो प्लॅस्टिकच्या दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. एनसी थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल ही सगळी त्याच कुळातली किंवा शेजारची मंडळी. मॉडेलजवळही आणू नयेत.

घरी पडलेल्या बाटलीतला द्रव कुठल्या कुळाचा हे कळत नसेल तर थर्माकोलचा तुकडा त्यात टाका. थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. तुकडा चुरगळून नाहीसा झाला तर मॉडेलही तसंच जाईल. (मखराचा थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला एखादा तुकडा घरात निघतोच.) तुकडा टिकला तरी परीक्षा अर्धीच झाली. किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात त्या चौकटीचा एक तुकडा, म्हणजे स्प्रू, रात्रभर त्या द्रवात ठेवा आणि सकाळी वाकवून बघा. पूर्वीसारखा वाकला तर ठीक. काडकन मोडला तर तो द्रव नको.

आता उमेदवार.

पहिला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचा. पाण्यावर आधारलेले अॅक्रिलिक प्रायमर त्यात थोड्या वेळात सुटतात. तामिया किंवा मिस्टर सरफेसरसारखे लॅकर प्रायमर चिवट असतात, पण तेही बहुधा काही तासांत फुगून मऊ पडतात. पॉलिस्टायरीनला तो विरघळवत नाही. २०२० नंतर तो सगळीकडे मिळू लागला, मात्र सॅनिटायझर म्हणून मिळतो तो नको. त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही, त्यामुळे लॅकरपुढे त्याचं फारसं चालत नाही. एक इशारा: हा द्रव १२ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतो, आणि चेन्नईत पारा १२ पर्यंत आजवर उतरलेला नाही. म्हणजे तिथे तो बारा महिने, चोवीस तास पेटायला तयार असतो. स्वयंपाकघर, देवघरातली समई आणि स्विचबोर्ड यांच्यापासून लांब ठेवायचा.

दुसरं डेटॉल. हसू नका, विलायतेतल्या मॉडेलवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. बाटलीवर वाचा: क्लोरोझायलेनॉल, टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. यातलं टर्पिनिऑल आणि अल्कोहोल रंग सैल करतात. पाणी न घालता, नुसतं वापरायचं आणि एक दिवस थांबायचं. इथे एक गोष्ट चुकली तर सगळं फसतं: रंग सुटत असताना मॉडेल पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागताच डेटॉल दुधाळ होतं आणि सुटलेला रंग चिकट डिंक होऊन पुन्हा रेघांमध्ये जाऊन बसतो. आधी ताज्या डेटॉलनेच घासून सगळा रंग काढायचा, मग साबण आणि पाणी. घरभर वास दोन दिवस राहतो, त्याची घरच्यांशी आधीच बोलणी करून ठेवावी.

तिसरं ब्रेक ऑइल, दुकानात याच नावाने मिळतं. चेन्नईच्या पाडीला १९६२ साली सुरू झालेली 'ब्रेक्स इंडिया' ही कंपनी असल्याने 'टीव्हीएस गर्लिंग' हे तिच्या मालाचं नाव तिथल्या मेकॅनिकच्या तोंडी बसलेलं आहे. डॉट ३ आणि डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरचं असतं आणि मोटारीच्या रंगावर सांडलं की रंग उठतो, ही मेकॅनिकची डोकेदुखी आपल्या उपयोगाची. मी तरी ते शेवटी ठेवीन. ते सांध्यांत दडून राहतं, नीट धुतलं गेलं नाही तर नवं अस्तर उठवतं, आणि काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याने रंगाला काहीच होत नाही.

इनॅमल, म्हणजे तेलाचा रंग, लावलेला असेल तर कॉस्टिक सोड्याचं सौम्य पाणी चालतं, कारण तेलाचं सोड्याबरोबर साबणच होतं. हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडंही चालत नाही. बंपर-ग्रिलवरचा किटमधला चकचकीत क्रोम म्हणजे खरं तर अॅल्युमिनियमची विरळ वाफ बसवलेली असते, म्हणून तोही सोड्यात किंवा साध्या ब्लीचमध्ये निघून जातो. क्रोम ठेवायचा असेल तर ते भाग आधीच बाजूला काढा.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावलेला प्रायमर, सुकताना त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. तो यांतल्या कशानेच विरघळत नाही. पॉलिश पेपर आणि संयम.

६. उतरवताना

आधी भाग सुटे करा. काचा म्हणून दिलेलं पारदर्शक प्लॅस्टिक अल्कोहोलमध्ये बुडवू नये, त्यात ताण असला की आतून केसांसारख्या भेगा पडतात. मॉडेलवर भरलेल्या लांबीचं गणितही आधीच करून ठेवा. ट्यूबमधली लांबी स्वतः लॅकर जातीची असते, ती प्रायमरबरोबर मऊ होऊ शकते. चार दारांच्या हेरल्डमध्ये जुनी रेघ अशा लांबीने भरली असेल तर ती पुन्हा भरावी लागेल हे धरून चाला. प्लॅस्टिकची पट्टी गोंदाने बसवून भरलेली रेघ मात्र जशीच्या तशी राहते. पुढच्या वेळी तीच पद्धत वापरावी.

झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या, बॉडी पूर्ण बुडेल इतकं अल्कोहोल ओता, झाकण लावा. पंधरा मिनिटांनी एका कोपऱ्यावर जुना टूथब्रश फिरवून बघा. सुटत नसेल तर पुन्हा झाका. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायची मात्र गरज पडू देऊ नका. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हेरल्डमध्ये आगपेटीच्या काडीपेक्षाही बारीक आहेत, आणि पातळ, ताणातलं प्लॅस्टिक अल्कोहोलमध्ये फार राहिलं की ठिसूळ होतं. घासताना छत दाबू नका, बॉडी आतून बोटांनी धरा.

रेघांमधला प्रायमर ब्रशने निघत नाही. लाकडी टूथपिकचं टोक अल्कोहोलमध्ये भिजवून रेघेच्या दिशेने ओढा. सुई वापरली की ती एकदा तरी घसरते आणि नवी रेघ करते, जी गाडीला नको असते. आतल्या बाजूचा, चासीखाली झाकला जाणारा रंग राहिला तर राहू द्या. तिथे शंभर टक्के स्वच्छतेचा हट्ट धरणारे खांब मोडून बसतात.

मग भांडी घासायचा द्रव साबण, साधं पाणी, आणि हवेवर वाळवणं. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नको. पूर्ण एक दिवस मध्ये जाऊ द्या, कारण सांध्यांत आणि लांबीत शिरलेलं द्रावक सावकाश निघतं. हाच दिवस रेघा पुन्हा कोरायचा. कोरणीचं टोक दाब न देता, एकाच दिशेने, अनेकदा फिरवायचं. पहिल्या फेऱ्यांत तर काही झालंय असं वाटूही नये.

७. पुन्हा अस्तर

या वेळी लक्ष्य २५ मायक्रॉनचं. १५६ मधून दोन्ही काठांचे ५० वजा केले की १०६ उरतात. खऱ्या गाडीच्या मापात साडेतीन मिलिमीटरच्या जवळ. रंग आणि क्लिअर कोट आल्यावरही रेघ दिसेल.

डब्यावरचा नंबर बघून घ्या. मिस्टर सरफेसर ५००, १०००, १२००, १५०० अशा आकड्यांत येतो, आणि आकडा जितका मोठा तितके कण बारीक. ओरखडे भरायला ५०० ठीक, पण एवढ्याशा बॉडीवर १५०० किंवा तामियाचा फाइन सरफेस प्रायमर बरा. असे डबे विमानाच्या सामानात नेता येत नाहीत आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तूंना मनाई आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला सांगण्यात अर्थ नाही. रस्त्याने येणाऱ्या कुरिअरची वाट पाहावी. गाडी फिकट रंगाची होणार असेल तर पांढरा, बाकी सगळ्याला राखाडी, आणि चहाडी करायला राखाडीच उत्तम.

बॉडीला आता उघड्या बोटांनी हात लावू नका. आतून काडी किंवा जाड तार चिकटवून धरायला मूठ करा. १५०० च्या पेपरने फक्त सपाट भागांवर हलका हात फिरवा, बॉनेटच्या कडा आणि मागच्या फिन्सची टोकं सोडून द्या. तिथला थर आपोआपच पातळ बसतो आणि पेपरने आधी तोच जातो.

डबा दोन-तीन मिनिटं चांगला हलवा. फवारा नेहमी गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच बोट सोडायचं. अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास, कोरड्या उष्ण सकाळी १५. पहिला हात इतका विरळ द्या की प्लॅस्टिक दिसत राहील. तो दहा मिनिटांत दमदार पकड करतो. दुसऱ्या हाताने रंग एकसारखा होतो. तिसरा फक्त जिथे अजून प्लॅस्टिक डोकावतंय तिथे, अख्ख्या गाडीला नाही. 'आणखी एक हात' मारायची हीच ती जागा जिथे हात आवरायचा. उजेडाच्या दिशेने गाडी तिरपी धरून दाराच्या रेघेत बघा. तळ दिसतो आहे तोवर थर बरोबर आहे.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. थांबता येत नसेल, तर पाण्यावर आधारलेला प्रायमर एअरब्रशने लावता येतो. त्याला ब्लश येत नाही, पण दमट हवेत तो सुकायला फार वेळ घेतो आणि पूर्ण कडक व्हायच्या आत घासला तर रबरासारखा सोलून निघतो. लॅकरला एक दिवस दिला तर याला दोन-तीन द्या. सुकलं की नाही हे बोटाने तपासू नका, वास घेऊन तपासा. नाकाजवळ धरल्यावर द्रावकाचा वास येत असेल तर आत काम चालू आहे.

उतरवताना वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका. त्याच डब्यात झाकण लावून ते चार-सहा दिवस स्थिर ठेवा. राखाडी गाळ तळाला बसतो आणि वर स्वच्छ द्रव राहतो. तो सावकाश निथळून दुसऱ्या बाटलीत भरा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, आणि पुढच्या वेळी पहिल्या भिजवणीला तेच वापरा. तळातला गाळ जुन्या वर्तमानपत्रावर पसरून गच्चीवर, आगीपासून लांब, पूर्ण वाळू द्या आणि मग सुक्या कचऱ्यात टाका.